जात मोजाल, पण कोणत्या नमुन्यात?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जातवार जनगणनेचा निर्णय जाहीर केला तेव्हा चळवळीत समाधान व्यक्त झाले आणि ते रास्तच होते. १९३१ नंतर या देशातील सर्व जातींचे आकडे जनगणनेतून प्रसिद्ध झालेले नाहीत. ही मागणी करणाऱ्यांना ज्यांनी वर्षानुवर्षे जातीयवादी म्हटले त्यांनाच ती मान्य करावी लागली. पुढे १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला. म्हणजे मोजणी होणार की नाही हा वाद मिटला. पण मोजलेले आकडे उद्या कुणाला वापरता येतील की नाही हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि त्यावर आपल्या सभांतून व निवेदनांतून फारसे बोलले जात नाही.

विषय दिसायला रुक्ष आहे. माहितीच्या देवाणघेवाणीचा प्रमाणित नमुना, असे म्हटले की कार्यकर्ता म्हणतो, हे संगणकवाल्यांचे काम, आपण मोर्चाचे बोला. आम्हाला हे मान्य नाही. ज्या कागदावर आपली संख्या लिहिली जाते, त्या कागदाचे रकाने कोण आखतो हा राजकीय प्रश्न आहे. २०११ साली तो आपण विचारला नाही आणि त्याचे फळ २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात आपल्यासमोर आले. त्याकडे पुढे येऊच. आधी हा नमुना म्हणजे काय ते पाहू.

आम्ही हे भिंगारहून लिहीत आहोत, म्हणून भिंगारचेच उदाहरण घेतो. भिंगार अहमदनगर छावणीत येते. इथला कारभार छावणी परिषदेकडे, आणि परिषद संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. शेजारच्या गावात जमिनीचा सातबारा निघतो, तर छावणीत जमिनीची नोंद संरक्षण संपदा विभागाच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये सापडते. आता समजा, भिंगारच्या एखाद्या वस्तीतील मुलगी दहावी पास झाली आणि तिला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा आहे. तिच्या जन्माची नोंद छावणी परिषदेत आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिचे नाव आहे. जातीचा दाखला महसूल खात्याचे उपविभागीय अधिकारी देतात. वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समिती देते. अर्ज समाजकल्याण खात्याकडे महाडीबीटीवरून जातो आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. एकच मुलगी, पण सहा दप्तरे. त्यातली काही केंद्राची, काही राज्याची.

या सहा दप्तरांत तिचे नाव एकसारखे असते काय? शाळेत आडनाव आधी, आधारवर नाव आधी. जन्मनोंदीत आईने सांगितलेले घरगुती नाव, शाळेत गुरुजींनी लिहिलेले नाव. इंग्रजीत 'गायकवाड' लिहिताना कुणी 'आय' घालतो, कुणी 'वाय', कुणी मध्ये एक 'ए' जास्त. जन्मतारीख ०५/०६ अशी लिहिली तर ती ५ जून की ६ मे, हे लिहिणाऱ्याच्या सवयीवर. माणसाला या सगळ्यातून एकच मुलगी दिसते. यंत्राला सहा मुली दिसतात. मग सुरू होतात हेलपाटे. प्रतिज्ञापत्र करा, नोटरी करा, राजपत्रात नाव बदला, झेरॉक्स साक्षांकित करून आणा. मोलमजुरी करणाऱ्या बापाचा रोज बुडतो. ज्याच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्याची कागदपत्रे आधीच जुळलेली असतात. म्हणजे दप्तरांतील विसंगतीचा दंड कोण भरतो, तर ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावी झाले तो.

प्रमाणित नमुना म्हणजे या सहा दप्तरांनी आपसात केलेला करार. रकाने कोणते, त्यांचा क्रम कोणता, तारीख कशी लिहायची, नावाचे भाग वेगळे ठेवायचे की एकत्र, गावाला आणि जातीला कोणता क्रमांक द्यायचा, अक्षरे कोणत्या संकेतात साठवायची, हे एकदा ठरवायचे आणि सर्वांनी पाळायचे. तसे झाले की एका खात्यातली नोंद दुसऱ्या खात्यात पुन्हा न लिहिता, न बदलता, न बिघडता जाते. प्रत्येक खात्याचा संगणक वेगळा असला, प्रणाली वेगळ्या कंपनीची असली तरी चालते. सीएसव्ही, एक्सएमएल, जेसन ही नावे ज्या तरुणांना ठाऊक आहेत, त्यांना हे सांगायला नको. ती नुसती भांडी आहेत. भांड्यात काय आणि कोणत्या मापाने भरायचे हे ठरले नसेल, तर भांडे कितीही आधुनिक असो, उपयोग शून्य.

यात नवीन काही नाही. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते. एकाच नावाची गावे अनेक, पत्ते लिहिण्याच्या लिपी अनेक, हस्ताक्षरे अगणित. यावर त्यांनी प्रत्येक भागाला क्रमांक दिला. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण ४१४००२ लिहिलेले पत्र तेव्हाही भिंगारला येत होते आणि आजही येते. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याचा क्रमांक ५२२ होता. त्या जनगणनेचे तक्ते आजच्या कोणत्याही तक्त्याशी जोडायचे तर नावावरून जोडणारा फसेल, क्रमांकावरून जोडणारा फसणार नाही. नाव हा अस्मितेचा विषय आहे, त्यावर भांडणे होतात आणि व्हावीत. हिशेब मात्र क्रमांकावर चालतो.

महाडीबीटीवरच याचा पुरावा आहे. ज्यांचा जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' सेवेतून निघालेला आहे, त्यांनी दाखल्यावरचा बारकोड क्रमांक टाकला की महसूल खात्याकडची माहिती शिष्यवृत्तीच्या अर्जात आपोआप येते. ज्यांचा दाखला जुना, हाताने लिहिलेला आहे, त्यांनी तो स्कॅन करून जोडायचा आणि कुणीतरी तो डोळ्यांनी तपासेपर्यंत वाट पाहायची. दोन विद्यार्थ्यांची जात तीच, गरिबी तीच. फरक एवढाच, की एकाची नोंद जाऊ शकते आणि दुसऱ्याची जाऊ शकत नाही. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्कॅन केलेला कागद म्हणजे माहिती नव्हे, ते माहितीचे छायाचित्र आहे. 'आम्ही सर्व रेकॉर्ड डिजिटल केले' असे एखादा अधिकारी सांगतो, तेव्हा त्यात शोध घेता येतो का, बेरीज करता येते का, हे त्याला विचारावे. बहुतेक वेळा तो गप्प होईल.

लिपीचाही प्रश्न आहे. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात मराठी छपाई श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांवर चालली. प्रत्येक फॉन्टचा आतला संकेत वेगळा. एका छापखान्याची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. वास्तविक इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये होते आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली होती. पण मानक असणे वेगळे आणि पाळले जाणे वेगळे. त्या काळातील फुले-आंबेडकरी नियतकालिके, पुस्तिका, स्मरणिका अशा फॉन्टांत अडकून पडल्या. कागद जपलेला असेल तर वाचता येतो, पण त्यातला एक शब्द शोधायचा तर शोधता येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक आहे. 'ड' म्हणजे ०९२१, 'र' म्हणजे ०९३०, आणि 'गोऱ्हे', 'कऱ्हाड' यांतला 'ऱ' म्हणजे ०९३१. जगातल्या कोणत्याही यंत्रावर तेच.

'ड' आणि 'र' ही अक्षरे आम्ही उगाच घेतली नाहीत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'ओरांव' बरोबर 'धनगड' असा शब्द आहे. धनगर समाजाचे म्हणणे असे की तो 'धनगर'च आहे, इंग्रजीत लिहिताना 'र'चा 'ड' झाला. या एका अक्षरावर कित्येक वर्षे आंदोलने झाली, सरकारे आश्वासने देऊन निवडून आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगड आणि धनगर एक नाहीत असे ठरवून याचिका फेटाळल्या. गोवारींचे असेच झाले. यादीत 'गोंड गोवारी' असे जोडून लिहिले आहे. मधे स्वल्पविराम असता तर गोष्ट वेगळी झाली असती. याच मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलासा दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलबा-कोष्टी प्रकरणात, मिलिंद खटल्यात, २८ नोव्हेंबर २००० रोजीच सांगून ठेवले होते की राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचायची, बाहेरचा पुरावा घेऊन तिच्यात काही घालायचे नाही की काढायचे नाही. या दाव्यांत कोण बरोबर हा आजचा विषय नाही. यादीतल्या एका अक्षराला किंवा एका विरामचिन्हाला या देशात किती वजन आहे, ते वाचकांनी पाहावे, एवढ्यासाठी हे लिहिले.

आता २०११ कडे येऊ. त्या वर्षी सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षण सुरू झाले. खर्च सुमारे ४,९०० कोटी रुपये. प्रगणकांच्या हाती टॅब्लेट दिले होते, म्हणजे यंत्राची वानवा नव्हती. जुलै २०१५ मध्ये ग्रामीण भागाचे आर्थिक आकडे जाहीर झाले, जातीचे झाले नाहीत. सांगितले गेले की लोकांनी जात, पोटजात, आडनाव, गोत्र असे काय वाटेल ते सांगितले आणि प्रगणकांनी तसे लिहिले, त्यामुळे देशभरात ४६ लाखांहून अधिक 'जाती' निघाल्या. १९३१ च्या जनगणनेत हा आकडा ४,१४७ होता. जातीच्या नोंदींत ८ कोटी १९ लाखांहून अधिक चुका सापडल्याचेही सरकारनेच सांगितले. वर्गीकरणासाठी नीती आयोगाचे तत्कालीन उपाध्यक्ष अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे सांगितले गेले, पण तिचे सदस्यच नेमले गेले नाहीत.

महाराष्ट्राची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षण सांख्यिकी माहितीअभावी अडवले. तेव्हा राज्य सरकारने २०११ च्या सर्वेक्षणातील ओबीसींची माहिती केंद्राकडे मागितली आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिले. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून अधिकृत नोंदी ४९४. सर्वेक्षणात निघाल्या ४,२८,६७७. प्रगणकांनी एकाच जातीचे स्पेलिंग निरनिराळे लिहिले, त्यामुळे ही माहिती निरुपयोगी आहे, असे केंद्राचे म्हणणे. १५ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली.

हे शांतपणे समजून घेतले पाहिजे. आकडे दडवले असे आपण म्हणतो, आणि राजकीय इच्छाशक्ती नव्हती हे खरेच आहे. पण दडवणाऱ्याच्या हाती कारण कुणी दिले? मोजणीच्या आधी जातींची क्रमांकित यादी तयार नव्हती, त्या अभावाने दिले. टॅब्लेटवर जातीच्या रकान्यात यादीतून निवड करण्याऐवजी मोकळी जागा ठेवली की कोट्यवधी लोकांच्या उत्तरातून कोट्यवधी स्पेलिंगे निघणारच. 'चांभार' शब्द इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येतो ते कुणीही कागदावर लिहून पाहावे. म्हणजे नमुना न ठरवणे हाच आकडे बुडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरला. कुणावर आळ नको, कुणाची सही नको, कुणाला राजीनामा द्यायला नको.

आकडे नसले की काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले. ओबीसींच्या माहितीसाठी जयंतकुमार बांठिया आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये आयोगाचे काम चालू असताना आडनावावरून जात ठरवली जात असल्याची तक्रार ओबीसी नेत्यांनी जाहीरपणे केली. पवार, जाधव, शिंदे, मोरे, गायकवाड ही आडनावे या राज्यात किती जातींत आहेत हे भिंगारच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर कळले असते. तरीही जुलै २०२२ मध्ये त्याच अहवालावर राजकीय आरक्षणाचा निर्णय झाला.

दुसरीकडे बिहारने काय केले? २०२३ च्या जात सर्वेक्षणात आधी जातींची यादी केली, प्रत्येकीला क्रमांक दिला आणि प्रगणकाने तो क्रमांक नोंदवायचा असे ठरवले. क्रमांक होते २१५. मधे न्यायालयाची स्थगिती आली, ती उठली आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी आकडे जाहीर झाले. अतिमागास ३६.०१ टक्के, मागास २७.१२ टक्के, अनुसूचित जाती १९.६५ टक्के. तेरा कोटी लोकांचे राज्य, केंद्राइतकी साधने नाहीत, तरी काम झाले. पण बिहारच्या यादीतच एक इशाराही आहे. तिथे तृतीयपंथीयांना जात म्हणून २२ हा क्रमांक दिला गेला. लिंगओळखीची जात करून टाकली. संबंधितांनी त्याला विरोध केला आणि तो योग्य होता. यादी करणाऱ्यांच्या टेबलाभोवती कोण बसते, यावर यादीत कोण काय म्हणून लिहिले जाईल ते ठरते.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९११ च्या जनगणनेत आयुक्तांनी सर्व प्रांतांना दहा कसोट्यांची एकच प्रश्नावली पाठवली होती. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व मानतात का, वेदप्रामाण्य मानतात का, मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश आहे का, गोमांस खातात का, स्पर्शाने विटाळ होतो का, अशा. प्रांत वेगळे, भाषा वेगळ्या, पण कसोट्या त्याच, म्हणून उत्तरे एकमेकांशेजारी ठेवता आली. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी याच माहितीचा आधार घेतला. उलट १९३२ मध्ये लोथियन यांच्या मताधिकार समितीवर ते सदस्य असताना अस्पृश्यांची व्याख्या काय आणि त्यांची संख्या किती, यावरच रण माजले. जोवर अस्पृश्यांना प्रतिनिधित्व मिळण्याची शक्यता नव्हती, तोवर त्यांच्या संख्येवर कुणी वाद घातला नव्हता. हिस्सा द्यायची वेळ आली तशी संख्या आटू लागली. २०२१ चे प्रतिज्ञापत्र वाचताना आम्हाला १९३२ आठवले ते यासाठी.

आता आपल्या घरचा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार. यांतील सुमारे ५२ लाख अनुसूचित जातीत मोजले गेले. उरलेले तेरा लाख कुठे गेले? त्यातले सगळेच अनुसूचित जातीबाहेरचे असतील हे मानणे कठीण आहे. महाराष्ट्राने नवबौद्धांना १९६० पासून सवलती दिल्या, केंद्राला १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. त्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा हक्क कायम केला. पण जनगणनेत अनुसूचित जातीत मोजले जाण्यासाठी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असून पुरत नाही, यादीतील जातीचे नावही लागते. जातीच्या रकान्यातही कुणी 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिले की माणूस अनुसूचित जातीच्या बेरजेतून गळतो. लोकसभा आणि विधानसभेच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधीही त्याच प्रमाणाशी बांधलेला आहे. म्हणजे प्रश्न तेरा लाख माणसांच्या वाट्याचा आहे.

ज्यांनी जात टाकून धम्म घेतला त्यांना पुन्हा तो शब्द लिहायला सांगणे क्लेशदायक आहे. यावर चळवळीत मतभेद आहेत आणि त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण इथेच नमुन्याचा उपयोग आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक आहे. महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू ही नोंद ३७ व्या क्रमांकावर येते. यंत्रात धर्म 'बौद्ध' आणि जातीच्या जागी यादीतील नोंद, असे दोन स्वतंत्र रकाने असतील, एकाने दुसऱ्याला खोडले जाणार नाही, तर धम्मही नोंदला जाईल आणि हक्कही बुडणार नाही. प्रगणकाने धर्म 'बौद्ध' निवडल्यावर अनुसूचित जातींची यादी त्याच्यासमोर उघडते की बंद होते, ही गोष्ट मोर्चाने सुटणार नाही, यंत्राच्या रचनेतच सुटेल.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या हव्यात. राज्यातील सर्व जातींची क्रमांकित यादी मराठीत प्रसिद्ध व्हावी, तिच्यावर तालुका पातळीवर हरकती घेतल्या जाव्यात, एकाच जातीची पर्यायी नावे एकाच क्रमांकाखाली यावीत. माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला शब्द आणि त्याला दिलेला क्रमांक, दोन्ही जपून ठेवावेत. नाहीतर उद्या धनगड-धनगरसारखा वाद निघाला, तर मूळ उत्तर काय होते हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि बेरजा प्रसिद्ध करताना गाव आणि प्रभाग पातळीपर्यंतचे तक्ते खुल्या, संगणकाला वाचता येणाऱ्या नमुन्यात द्यावेत. छायाचित्रे नकोत. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये नोंदी सूचीबद्ध ठेवण्याचे आणि संगणकीकृत करून देशभर जोडण्याचे कर्तव्य प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आधीच टाकलेले आहे. म्हणजे आम्ही नवीन काही मागत नाही.

एक भीती रास्त आहे, तिचाही विचार झाला पाहिजे. सगळी दप्तरे जोडली गेली तर कुठल्या घरात कोणत्या जातीचा माणूस राहतो हे एका बटणावर कळेल. गावगाड्यात ज्यांनी जातीमुळे मार खाल्ला आहे, त्यांना याचा धोका समजावून सांगावा लागत नाही. खर्डा आणि सोनई आमच्याच जिल्ह्यात आहेत. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंद गोपनीय असते, ती कुणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे कुलूप तसेच राहिले पाहिजे. बेरजा खुल्या, नावे बंद. या दोहोंची गल्लत करून 'गोपनीयतेमुळे आकडे देता येत नाहीत' असे उत्तर उद्या येऊ शकते, तेव्हा ते ऐकून परत फिरू नये.

भिंगारपुरते आणखी एक. छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्राने घेतले आणि एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलमधील योलपासून त्याची सुरुवात झाली. भिंगारचाही प्रश्न याच रांगेत आहे. जनगणनेत आजवर अहमदनगर छावणी स्वतंत्र शहर म्हणून मोजली गेली. विलीनीकरण झाले की तिचे प्रभाग महानगरपालिकेच्या प्रभागांत मिसळतील. जुन्या आणि नव्या प्रभागांचा क्रमांकवार ताळमेळ प्रसिद्ध झाला नाही, तर इथल्या दलित वस्त्यांची दहा वर्षांत प्रगती झाली की पीछेहाट हे कुणालाच दाखवता येणार नाही. पाणी कमी आले, शाळा बंद झाली, लोक स्थलांतरित झाले, काहीही म्हटले तरी उत्तर एकच येईल: तुलना शक्य नाही.

प्रगणक म्हणून घरोघर येणारे बहुतेक शिक्षक असतात आणि त्यांत आपलेही पुष्कळ समाजबांधव आहेत. त्यांनी प्रशिक्षणातच विचारावे की जातीच्या रकान्यात यादी आहे की मोकळी जागा, आणि यादी असेल तर ती कुणी केली. घरी प्रगणक आला की धर्म आणि जात ही दोन उत्तरे वेगवेगळी द्यावीत, त्याने काय टाइप केले ते पडद्यावर पाहावे, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी. स्वगणना करणाऱ्यांनी आडनाव जातीच्या जागी लिहू नये. हे काम वस्तीवस्तीत, विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसून करता येईल. त्यासाठी अनुसूचित जातींच्या ५९ नोंदींची यादी मोठ्या अक्षरांत छापून विहाराच्या भिंतीवर लावायला फार पैसे लागत नाहीत.